मुलं पोटभर जेवतात, तरी वजन का वाढत नाही? पाळणाघरातल्या जेवणाचा हिशेब

प्रश्न असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटानं कापूस वेचणीच्या हंगामापुरतं पाळणाघर सुरू केलं आहे. वेळ सकाळी 8 ते संध्याकाळी 5. मुलं 20, त्यातली 8 एक ते तीन वर्षांची आणि 12 तीन ते सहा वर्षांची. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी वरण-भात, 4 वाजता मुरमुरे असं खाणं आहे. मुलं पोटभर जेवतात, ताटात टाकत नाहीत, तरी दोन महिन्यांत बहुतेकांचा काटा हललेला नाही. संतुलित आहार कसा आखायचा?

आधी वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, उघडून बघू या. 20 मुलांसाठी अर्धा किलो तूर डाळ घेतली आणि त्याचं वरण 5 लिटर झालं, तर 100 मिलीच्या वाटीत डाळ आली 10 ग्रॅम. त्यातून मिळाल्या जेमतेम 34 कॅलरी. त्याच अर्ध्या किलोचं वरण 2 लिटर केलं, तर वाटीत 25 ग्रॅम डाळ येते आणि 85 कॅलरी मिळतात. डाळ तेवढीच, खर्च तेवढाच, फरक फक्त पाण्याचा. दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात एका वेळी साधारण 250 ते 300 मिली मावतं. एक वाटा भात आणि दोन वाटे पातळ वरण असं कालवून भरवलं, तर 100 ग्रॅम घासामागे 70 कॅलरीसुद्धा मिळत नाहीत. मूल खरंच पोटभर जेवतं, तोंड फिरवतं, झोपी जातं. अंगाला मात्र काही लागत नाही. म्हणून आखणीची सुरुवात भाज्यांच्या यादीपासून करू नका, घट्टपणापासून करा. पळीभर वरण ताटात वाढून ताट तिरपं केलं की ते हळू घसरलं पाहिजे, पळालं नाही पाहिजे.

आता मुलाला दिवसभरात लागतं किती? एक ते तीन वर्षांच्या मुलाला साधारण 1100 कॅलरी आणि तीन ते सहाच्या मुलाला 1350च्या आसपास. तुमच्याकडे मूल 9 तास असतं आणि जागेपणीचं बहुतेक खाणं तिथंच होतं. संध्याकाळी आई दमून येते, चूल पेटेपर्यंत मूल झोपलेलं असतं. त्यामुळे दिवसाच्या गरजेचा दोन तृतीयांश वाटा पाळणाघरातच पोटात गेला पाहिजे. म्हणजे लहानाला 700 आणि मोठ्याला 850 ते 900 कॅलरी. इथे एक गैरसमज नेहमी होतो. 2013च्या कायद्यात अंगणवाडीसाठी 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनांचं प्रमाण दिलं होतं, म्हणून पाळणाघरंही तेवढंच शिजवतात. अन्न सुरक्षा कायद्यातला तो आकडा पूरक आहाराचा आहे, घरच्या जेवणावर द्यायची ती भर आहे. पूर्ण दिवस मूल सांभाळणाऱ्या जागेसाठी तो पुरेसा नाही.

या हिशेबानं कच्चा शिधा असा निघतो. मोठ्या मुलामागे दिवसाला 110 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ, 15 ग्रॅम शेंगदाणे, 15 ग्रॅम तेल, 15 ग्रॅम गूळ. लहानामागे 80 ग्रॅम धान्य, 25 ग्रॅम डाळ, 10 ग्रॅम शेंगदाणे, 10 ग्रॅम गूळ आणि तेल मात्र तेवढंच, 15 ग्रॅम. लहान मुलाला तेल कमी द्यावं असं वाटतं, पण थोडक्या घासात जास्त ताकद भरायची तर तेलासारखं दुसरं काही नाही. शिवाय पालेभाजीतलं आणि कोहळ्यातलं (लाल भोपळ्यातलं) अ जीवनसत्त्व तेलाशिवाय अंगी लागत नाही. प्रत्येकी 30 ग्रॅम पालेभाजी, 50 ग्रॅम दुसरी भाजी, 50 ग्रॅम फळ आणि एक अंडं किंवा 100 मिली दूध. तुमच्या 20 जणांचं रोजचं मिळून धान्य 2 किलो, डाळ 560 ग्रॅम, शेंगदाणे 260 ग्रॅम, तेल 300 ग्रॅम, गूळ 260 ग्रॅम, पालेभाजी 600 ग्रॅम, दुसरी भाजी 1 किलो, फळ 1 किलो आणि 20 अंडी किंवा 2 लिटर दूध. हे आकडे कागदावर लिहून डब्याजवळ चिकटवा. मुठीनं मोजू नका. मूठ प्रत्येकीची वेगळी असते, आणि महिनाअखेरीस शिधा संपत आला की ती आपोआप लहान होते.

एका दिवसाचं गणित उलगडून दाखवते, म्हणजे बाकीचे दिवस तुम्हीच बसवाल.

सकाळी 8.30ला ज्वारीच्या कण्या. 560 ग्रॅम कण्या आणि 200 ग्रॅम मूग डाळ 50 ग्रॅम तेलावर वास सुटेपर्यंत भाजा, अडीच लिटर पाण्यात मऊ शिजवा, मग 2 लिटर तापवलेलं दूध आणि 60 ग्रॅम गूळ. गूळ गॅस बंद केल्यावर घाला, आधी घातला तर दूध फाटतं. दर मुलाला 200 ते 280 ग्रॅम येतं. हा नाश्ता मूल आल्यावर अर्ध्या तासात मिळाला पाहिजे, कारण वेचणीला जाणाऱ्या घरातली बरीच मुलं निव्वळ चहावर आलेली असतात.

दुपारी 12ला कोहळं घालून खिचडी. तांदूळ 1 किलो, मूग डाळ 360 ग्रॅम, कोहळं 700 ग्रॅम, तेल 150 ग्रॅम, शेंगदाण्याचा कूट 100 ग्रॅम, पाणी 4 लिटर. अंदाजे साडेपाच किलो खिचडी होते. तेलातलं अर्धं फोडणीला आणि अर्धं शिजल्यावर वरून घाला, म्हणजे खालच्या थराला आणि वरच्या थराला सारखं लागतं. लहानांना 220 ग्रॅम, मोठ्यांना 310 ग्रॅम. या खिचडीच्या 100 ग्रॅममध्ये 120च्या आसपास कॅलरी असतात. वर लिंबू पिळा. सोबत त्या दिवशीची पालेभाजी परतून चमचाभर, लहानांना खिचडीतच कालवून.

मधल्या वेळी, साडेतीनला लाडू. भाजलेलं गव्हाचं पीठ 400 ग्रॅम, कूट 160 ग्रॅम, गूळ 200 ग्रॅम, तेल किंवा तूप 100 ग्रॅम. 40 ग्रॅमचे 21 लाडू होतात आणि एकात 180 कॅलरी असतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला लाडू हातात देऊ नका, कोमट दुधात किंवा पाण्यात कुस्करून चमच्यानं द्या. सोबत फळ. आता तिन्ही वेळचं धान्य, डाळ, तेल, कूट, गूळ बेरीज करून बघा, वरचाच आकडा येतो. मुरमुरे का नकोत, तेही यातच कळतं. वाटीभर मुरमुऱ्यांचं वजन 10 ते 15 ग्रॅम भरतं, म्हणजे 50 कॅलरी. मुरमुरे द्यायचेच असतील तर कूट, तेल आणि फुटाण्याचं पीठ लावून भेळीसारखे द्या, आणि तेसुद्धा तीन वर्षांवरच्या मुलांना.

आठवडाभर बदल ठेवायचा तर आपल्या स्वयंपाकात सगळं आहे. नाश्त्याला एक दिवस उकडपेंडी, एक दिवस भरपूर कूट आणि वाटाणा घातलेले पोहे, एक दिवस मूग-तांदळाचं धिरडं. जेवणाला डाळभाजी-पोळी, चिकोल्या (वरणफळं), पातळ न केलेलं चून (पिठलं) आणि भाकर, बरबटीची (चवळीची) उसळ आणि भात. भंडारा-गोंदियाकडे भात रोज लागतो, इकडे भाकर-पोळी. मुलांना जी सवय आहे तीच ठेवा, प्रमाण फक्त एक पाळा: तीन-चार वाटे धान्याला एक वाटा डाळ. धान्याच्या प्रथिनात जे कमी असतं ते डाळ भरून काढते आणि डाळीत जे कमी असतं ते धान्य, म्हणून दोन्ही एकाच जेवणात हवीत. सकाळी डाळ आणि संध्याकाळी भात, असं लांब-लांब नको. चिकोल्या मुलांच्या फार आवडीच्या, पण तिथे कणीक जास्त आणि डाळ नावाला असं होतं. त्या दिवशी 560 ग्रॅम डाळ मोजूनच घ्या.

अंडी आठवड्यातून किमान तीन दिवस. नुसता पिवळा बलक लहान मुलाच्या घशाला कोरडा लागतो, तो थुंकून टाकतं. डाळभातात कुस्करून द्या. काही घरांत, विशेषतः महानुभाव आणि माळकरी घरांत, अंडं चालत नाही. ते आधी विचारून घ्या आणि त्या मुलांना 150 मिली दूध किंवा दही आणि जादा कूट द्या. अंड्याचं भांडं आणि पळी वेगळी ठेवा. गावात विश्वास एकदा तुटला की ते मूल पाळणाघरात येणं बंद होतं, आणि तोट्यात तेच राहतं.

दोन वर्षांच्या आतल्या मुलांकडे वेगळं बघावं लागतं. आईचं दूध चालू राहू द्या. सकाळी सोडताना आणि संध्याकाळी नेताना तिला पाच-दहा मिनिटं बसून पाजता येईल अशी आडोशाची जागा ठेवा. घट्ट खाणं या मुलांना गिळता येत नाही म्हणून आपण पाणी घालतो आणि पुन्हा तिथेच येतो. त्यावर मोड आणलेल्या गव्हाचं पीठ हा स्वस्त उपाय आहे. गहू 12 तास भिजवा, कापडात बांधून दीड दिवस मोड आणा, सावलीत कडक वाळवा, मंद आचेवर जेमतेम भाजा आणि दळा. घट्ट पेज शिजवून उतरवा, बोट क्षणभर टेकवता येईल इतकी निवली की वाटीमागे अर्धा चमचा हे पीठ ढवळा. काही मिनिटांत पेज पाणी न घालताच सैल होते. मग एक उकळी देऊन खाली घ्या. गहू खरपूस भाजला तर हा गुण मरतो, म्हणून भाजताना हात आवरा. हे ज्वारीवर करू नका. ज्वारीच्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं.

तिखटाचं बोलायलाच हवं. आपल्याकडे वरणाच्या फोडणीतही मिरची सढळ असते, आणि मूल तिखट लागलं की घासागणिक पाणी मागतं. म्हणजे वरणातून काढलेलं पाणी पेल्यातून परत पोटात जातं. मुलांचं सगळं जेवण लसूण, जिरं, हळद आणि सांबार (कोथिंबीर) एवढ्यावरच करा. चव कमी पडत नाही. पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी आणि नंतर भरपूर द्या, जेवताना दोन घोट.

चहा बंद करा. चहातलं द्रव्य जेवणातलं लोह बांधून ठेवतं, ज्वारी-डाळीतलं लोह आधीच अवघडपणे अंगी लागतं. याउलट क जीवनसत्त्व त्याला मदत करतं. लिंबू, जांब (पेरू), आवळा, हंगामात संत्री, हे जेवणासोबतच द्या, दोन तासांनी नव्हे. लिंबू उकळत्या गंजात पिळू नका, वाढताना पिळा. पाच रुपयांच्या कुरकुऱ्यांच्या पाकिटांसाठी आयांशी एकदा बसून बोला. सकाळी सोडताना रडू नये म्हणून हातात दिलेलं ते पाकीट नाश्त्याची भूक मारतं.

पालेभाजीत हंगाम बघा. हिवाळ्यात पालक, मेथी, करडई, हरभऱ्याची भाजी सहज मिळते. उन्हाळ्यात चिवळ. पावसाळ्यात जमिनीलगतच्या भाजीला चिखल असतो आणि हगवणीचा हंगामही तोच, म्हणून तेव्हा शेवग्याचा पाला घ्या, तो जमिनीपासून वर असतो. तरोटा (टाकळा) कोवळा असेल तरच. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की बराच कस पाण्यात जातो.

शेंगदाणे आमच्या दृष्टीनं पाळणाघरातलं सोनं आहे, पण त्यात दोन धोके आहेत. काळपट, सुरकुतलेला, कडू लागणारा दाणा बुरशीचा असतो. त्यातलं विष भाजून जात नाही, म्हणून निवडून फेका. आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा दाणा, फुटाणा किंवा बी असलेलं बोर कधीही देऊ नका, श्वासनलिकेत अडकतं. कूट तीन-चार दिवसांपुरताच करा, नंतर त्याला खवट वास येतो आणि मुलं लाडू सोडतात.

सोयाबीन घरोघरी पिकतं, म्हणून कुणीतरी पोतं आणून देईल. कच्चं किंवा नुसतं वरवर भाजलेलं सोयाबीन प्रथिनांचं पचन अडवतं आणि पोट बिघडवतं. रात्रभर भिजवून, पाणी फेकून, अर्धा तास उकळून, वाळवून मग गव्हात 10 किलोला 1 किलो या प्रमाणात दळलं तर उत्तम. पूर्व विदर्भात असाल तर लाखोळीची (लाखेची) डाळ कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. महिनोन्महिने रोज खाल्ली तर तिच्यातल्या विषारी द्रव्यानं पाय कायमचे लुळे पडू शकतात. सुट्या बेसनातही ती मिसळलेली असू शकते, म्हणून हरभरा डाळ घेऊन गिरणीतून समोर दळून आणा.

रेशनच्या तांदळात कधी-कधी काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात. गावात त्याला प्लास्टिकचा तांदूळ म्हणतात आणि बायका निवडून फेकतात. ते दाणे लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-12 घालून मुद्दाम बनवलेले आहेत, शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात. ते ठेवा. धुताना तांदूळ एक-दोनदाच धुवा आणि मुरेल एवढ्याच पाण्यात शिजवा, पेज ओतू नका. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेलं मूल असेल तर हा तांदूळ आणि लोहाचं औषध याबाबत आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आधी विचारा. त्या मुलाला दिवसभर थोडं-थोडं पाणी पाजत राहणं हे जेवणाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ताप आला तर संध्याकाळची वाट बघायची नाही.

डाळ शिजत नाही ही तक्रार पाण्याची असते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात ती नेहमीची, पण जड पाण्याच्या बोअरवर कुठेही होते. मग सोडा टाकला जातो आणि त्यात ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. सोड्याऐवजी डाळ दोन तास भिजवा, कुकर वापरा आणि स्वयंपाकापुरतं नळाचं गोडं पाणी आणा. यवतमाळ-चंद्रपुरातल्या काही गावांच्या बोअरमध्ये फ्लोराइड जास्त आहे. ते उकळून जात नाही, पाणी आटल्यावर उलट वाढतं. ग्रामपंचायतीकडून पाण्याची तपासणी करून घ्या.

शिजवल्यापासून वाढेपर्यंत दोन तासांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका. उरलेला भात दुसऱ्या दिवशी फोडणी देऊनही मुलांना नाही. भातात वाढणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. हंगाम संपल्यावर उन्हाळ्यातही पाळणाघर चालू ठेवलं, तर 44-45 अंशांत दुपारी मुलं जेवत नाहीत. तेव्हा मुख्य जेवण सकाळी 10ला घ्या, दुपारी ताक आणि आंबील, आणि खिचडी संध्याकाळी 4.30ला, ताजी.

वाढण्याची पद्धत चुकली तर वरचं सगळं वाया जातं. एका ताटात तिघं बसवली की चपळ मूल जेवतं आणि अशक्त मूल बघत राहतं. प्रत्येकाचं ताट वेगळं, लहानांना आधी, सांभाळणाऱ्या दोघींपैकी एक फक्त भरवायला. जेवायला 25 मिनिटं द्या आणि दुसऱ्यांदा वाढायला विसरू नका. बळजबरीनं तोंडात कोंबू नका. ज्यानं ताटात टाकलं त्याला तासाभरानं पुन्हा विचारा.

काट्याबद्दल. दोन वर्षांवरचं मूल वर्षाला साधारण 2 किलो वाढतं, म्हणजे महिन्याला 150 ते 200 ग्रॅम. एवढा फरक भरल्या पोटानं किंवा स्वेटरनं झाकला जातो. म्हणून दर महिन्याला ठरावीक तारखेला, नाश्त्याआधी, कमीत कमी कपड्यांत, त्याच काट्यावर वजन घ्या. अंगणवाडी ताईंकडे दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाचा घेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली असेल तर ते सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात आहे. त्याला लाडू वाढवून बरं करत बसू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. सुजलेले पाय किंवा भूकच न लागणं असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती लागते. 11.5 ते 12.5च्या मधल्या मुलाला तिन्ही वेळा एक-एक चमचा तेल आणि रोज एक जादा लाडू द्या आणि वजन दर आठवड्याला घ्या. जंतांची गोळी आणि लोहाचं औषध कधी दिलं, हे अंगणवाडीच्या नोंदीशी जुळवून पाहा. जंत असलेल्या मुलाला वाढलेलं बरंचसं वाया जातं.

उद्यापासून सगळं एकदम बदलू नका. पहिल्या आठवड्यात वरणाचं पाणी निम्म्यानं कमी करा, तेल मोजून घाला आणि चहाच्या जागी कण्या आणा. दुसऱ्या आठवड्यात लाडू आणि अंडी. एकदम घट्ट आणि तेलकट दिलं तर एक-दोन मुलांना ढाळ होतील आणि दोष खिचडीवर येईल. सहा आठवड्यांनी पुन्हा वजन घ्या. ज्यांचा काटा तरीही हलला नाही त्यांची नावं वेगळी काढा. त्यांच्या बाबतीत कारण गंजात शोधू नका. वारंवार हगवण, जुना खोकला, घरात क्षयाचा रुग्ण किंवा सिकलसेल यांपैकी काही आहे का, हे तपासून घ्यावं लागेल.